घराजवळचा दवाखाना सुरक्षित आहे का, हे कसं ओळखायचं?

प्रश्न असा आहे. पुण्याच्या एका उपनगरात नव्याने राहायला गेलेलं कुटुंब. घरात मधुमेह असलेले सासरे आणि तीन वर्षांची मुलगी. सोसायटीच्या फाटकासमोर एक दवाखाना आहे: काचेचं दार, एसी, सोफा, गर्दी नाही. चौकात दुसरा एक आहे, जुना, बाकड्यांचा, आणि तिथे कायम रांग. "यातला सुरक्षित कोणता हे सांगणारं काही सर्टिफिकेट असतं का? नसेल तर आमच्यासारख्यांनी काय बघायचं?"

मी बरीच वर्षं सातारा जिल्ह्यात जनरल प्रॅक्टिस केली. आता छोट्या दवाखान्यांना आणि नर्सिंग होमना संसर्ग-नियंत्रणाची घडी बसवून देते. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी हा प्रश्न पाहिला आहे.

सर्टिफिकेटचं आधी सांगते. जिथे खाटा टाकून पेशंट ॲडमिट करतात, त्या नर्सिंग होमला महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्याखाली नोंदणी करावीच लागते. २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारले, त्यानुसार रुग्णहक्कांची सनद आणि ठरावीक सेवांचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. नुसती ओपीडी चालवणारा गल्लीतला दवाखाना मात्र त्यात बसत नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. एनएबीएच या रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या संस्थेची क्लिनिकसाठी मानकं आहेत, पण ती ऐच्छिक. सरकारी आरोग्य केंद्रांसाठी एनक्यूएएस (गुणवत्तेची राष्ट्रीय मानकं) आणि कायाकल्प (स्वच्छतेची योजना) आहे, तिथे तपासणीपथक येऊन गुण देतं. तुमच्या फाटकासमोरच्या दवाखान्याला "हा सुरक्षित आहे" असा शिक्का मारायला कोणी येत नाही.

तरी दोन कागद प्रत्येक दवाखान्याकडे असावेच लागतात. एक, डॉक्टरांचा वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक. एमबीबीएसची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, बीएएमएस आणि बीएचएमएसच्या परिषदा वेगळ्या. कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं, त्याला दोन मिनिटं लागतात. २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे ॲलोपॅथीच्या डॉक्टरने हा क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पैशाच्या पावतीवरही लिहायचा असतो. इथे एक गोम आहे. बोर्डावर एकाचं नाव आणि संध्याकाळी खुर्चीत दुसराच, हा प्रकार उपनगरांत सर्रास चालतो. म्हणून बोर्ड वाचून थांबू नका. तुम्हाला तपासणाऱ्याचं नाव काय आणि चिठ्ठीवर छापलेलं नाव तेच आहे का, हे बघा.

दुसरा कागद महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा, जैववैद्यकीय कचऱ्यासाठी. २०१६ च्या नियमांत खाटा नसलेले दवाखानेही येतात. हा कागद सहसा फ्रेम करून लावलेला असतो. पण कागदापेक्षा कचराच जास्त बोलतो, तिकडे येतेच.

आधी सुई, कारण साध्या ओपीडीत पेशंटचं सर्वांत मोठं नुकसान सुईने होऊ शकतं.

इंडिया-क्लेन या वैद्यकीय संशोधकांच्या गटाने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत देशभर इंजेक्शनांची पाहणी केली, त्यात सुमारे ६३ टक्के इंजेक्शनं कुठल्या ना कुठल्या अर्थाने असुरक्षित निघाली. पाहणी जुनी आहे, आता डिस्पोजेबल सिरिंज गावोगावी पोचल्या, परिस्थिती सुधारली. तरी २००९ मध्ये गुजरातेत मोडासा भागात हेपॅटायटिस बी ची साथ आली, वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने, आणि माणसं दगावली. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊ भागात एका बोगस डॉक्टरच्या सुयांमुळे कित्येकांना एचआयव्ही झाल्याचं उघड झालं. पुढच्याच वर्षी पाकिस्तानात लारकाना जिल्ह्यातल्या रतोडेरोत शेकडो मुलं बाधित निघाली. अशा ठिकाणी बरेच पेशंट ताप-खोकल्यासारख्या किरकोळ कारणांनीच गेलेले असतात.

म्हणून सिरिंजचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं जातं का, हे बघा. आधीच भरून ट्रेमध्ये ठेवलेली सिरिंज घेऊन कंपाउंडर आला तर सरळ नको म्हणा. "सुई नवीन लावली आहे, काळजी करू नका" हे वाक्य ऐकू आलं तर जास्त सावध व्हा, कारण सुई बदलून सिरिंज तीच ठेवणं तितकंच घातक आहे. सुई काढताना तिच्यातला रक्ताचा अंश सिरिंजच्या नळीत ओढला जातो. डोळ्यांना काही दिसत नाही, आणि हेपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर सात दिवसही तग धरतो.

मग नजर बाटलीकडे. औषधाच्या मोठ्या व्हायलच्या रबरी बुचात सुई कायमची खोचून ठेवलेली दिसली, की दरवेळी फक्त सिरिंज लावायची आणि ओढायचं, तर तिथून उठून निघालात तरी चालेल. तसंच सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीत सुई खुपसून दिवसभर त्यातूनच पावडरची इंजेक्शनं विरघळवणं. काटकसर म्हणून चालतं हे, आणि करणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. नीट दवाखान्यात व्हायलवर उघडल्याची तारीख पेनने लिहिलेली असते आणि जास्तीत जास्त २८ दिवसांत ती टाकून देतात, उत्पादकाने कमी मुदत दिली असेल तर त्याआधी. जाता जाता एक गंमत: दुखण्यावरच्या डायक्लोफिनॅकची ३० मिलीची व्हायल २०१५ मध्ये बंद झाली, पण माणसांसाठी नाही, गिधाडांसाठी. माणसांची मोठी बाटली गुरांना टोचली जात होती आणि ती गुरं मेल्यावर खाणारी गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. आता एका वेळेपुरताच ॲम्प्यूल, म्हणजे छोटी सीलबंद काचेची कुपी, मिळतो. गिधाडांच्या निमित्ताने आपलीही सोय झाली.

पण सगळ्यांत सुरक्षित इंजेक्शन म्हणजे न दिलेलं इंजेक्शन. आणि इथे दोष फक्त डॉक्टरांचा नाही. साध्या व्हायरल तापाला दोन दिवस पॅरासिटामॉल आणि पाणी सांगणाऱ्या डॉक्टरबद्दल लोक काय म्हणतात? "त्यांच्या हाताला गुण नाही." आणि शेजारच्या दवाखान्यात जाऊन कमरेत सुई घेतात. चौकातली ती रांग कशाची आहे हे मी इथून सांगू शकत नाही. चांगल्या निदानाची असू शकते, एका सुईत उठून बसवणाऱ्या स्टेरॉइडचीही असू शकते. गर्दीवरून काही ठरवू नका.

ताकदीची सलाईन हा त्यातलाच प्रकार. ५०० मिली डीएनएसच्या (साखर-मिठाच्या सलाईनच्या) बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज आणि साडेचार ग्रॅम मीठ असतं. म्हणजे जेमतेम १०० कॅलरी. ज्वारीच्या एका भाकरीत त्याहून जास्त असतात. ज्याला तोंडाने पिता येतंय, उलटी होत नाही, त्याला शिरेतून साखरपाणी द्यायचं काही कारण नाही. तुमच्या सासऱ्यांना तर नकोच, त्यांची साखर आधीच वर.

आता कचरा. एका इंजेक्शनातून चार रंगांचा कचरा निघतो, त्यामुळे ही परीक्षा फार सोपी आहे. सुई पांढऱ्या, अर्धपारदर्शक, न टोचणाऱ्या डब्यात. सुई काढलेली प्लास्टिकची सिरिंज लाल पिशवीत. काचेची रिकामी व्हायल निळ्यात. रक्ताचा कापूस पिवळ्यात. सिरिंजचं कागदी वेष्टन तेवढं घरच्यासारख्या साध्या कचऱ्यात. डॉक्टर किंवा सिस्टर बोलता बोलता, न बघता, चार हालचालींत हे करत असतील तर त्या दवाखान्यात रोज असंच होतं हे समजा, कारण एका पेशंटसाठी असं नाटक जमत नाही. टेबलाखाली एकच काळी पिशवी आणि त्यात सगळं, तर भिंतीवरचा मंडळाचा कागद नुसता शोभेचा. सुईवर टोपण परत चढवणंही चुकीचं. त्यात धोका सिस्टरला असतो, पण जिथे कर्मचाऱ्यांची काळजी घेत नाहीत तिथे तुमची घेतील असं मला वाटत नाही. प्रक्रिया न केलेला हा कचरा ४८ तासांच्या वर ठेवायचा नसतो. गाडी कधी येते हे रिसेप्शनच्या मुलीला विचारा, खरं उत्तर लगेच मिळतं.

टाके, ड्रेसिंग, गळू फोडणं होत असेल तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने उपकरणं निर्जंतुक करणारं यंत्र, हवा. १२१ अंश तापमान, १५ पौंड दाब, सुटी उपकरणं २० मिनिटं, पुडक्यात बांधलेली ३० मिनिटं. स्टीलच्या पेटीत उकळत्या पाण्यात ठेवलेली कात्री स्वच्छ दिसते, पण उकळण्याने धनुर्वातासारखे बीजाणू मरतीलच असं नाही. पुडक्यावरच्या पट्टीवर काळ्या रेघा उमटलेल्या असाव्यात. त्या रेघा पुडकं तापलं एवढंच सांगतात, निर्जंतुक झाल्याची खात्री देत नाहीत. तरी रेघाच नसतील तर ते पुडकं ऑटोक्लेव्हमध्ये गेलेलंच नाही.

मुलीसाठी फ्रिज बघा. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. आपल्याकडे सगळे उष्णतेला घाबरतात, पण डीपीटी, हेपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट यांचं खरं वैरी गोठणं आहे. एकदा गोठली की लस वाया, आणि वितळल्यावर वरून नेहमीसारखीच दिसते. पाच वर्षांचा डीपीटीचा बूस्टर तुमच्या मुलीला पुढे लागणारच आहे, म्हणून हे आत्ताच माहीत असू दे. लशीच्या फ्रिजमध्ये डॉक्टरांचा डबा आणि ताकाची बाटली नसावी. लशी दारात ठेवलेल्या नसाव्यात, फ्रीझरला चिकटलेल्याही नसाव्यात. आत थर्मामीटर आणि बाहेर दिवसातून दोन वेळा तापमान लिहिलेला तक्ता हवा. तो तक्ता जरा निरखून बघा. महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ ४, ४, ४, एकाच शाईत, एकाच हाताने लिहिलेलं असेल तर तो एका बसणीत भरला आहे. खऱ्या तक्त्यात ३ असतो, ५ असतो, वीज गेलेल्या दिवशी ७ असतो आणि त्यापुढे काय केलं याची ओळ असते. व्हायलवर गोलातला चौकोन छापलेला असेल तर आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिकट हवा. तो फक्त उष्णता दाखवतो, गोठणं नाही. लस टोचण्याआधी व्हायल दाखवा म्हणालात तर चांगले डॉक्टर स्वतःहून नाव आणि एक्सपायरी वाचून दाखवतात.

टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात का, हेही महत्त्वाचं. त्यामागे ॲनाफिलॅक्सिसची, म्हणजे जीवघेण्या ॲलर्जीची भीती असते. क्वचित येते, पण आली तर मिनिटांचा खेळ असतो. त्यावर औषध एकच: ॲड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मोठ्यांना अर्धा मिली, तुमच्या मुलीच्या वयाला ०.१५ मिली, गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा. ॲम्प्यूल स्वस्त असतो आणि मुदत संपत आली की बदलावा लागतो, म्हणूनच तो बहुतेक ठिकाणी विसरला जातो. आपल्याकडे रिॲक्शन आली की हात आधी एव्हिल (ॲलर्जीवरचं औषध) आणि डेक्सोना (स्टेरॉइड) यांच्याकडे जातो. ही जुनी सवय आहे आणि ती वाईट आहे. ती औषधं मागाहून चालतील, जीव ॲड्रेनॅलिन वाचवतं. "इमर्जन्सी ट्रे कुठे आहे?" एवढा एकच प्रश्न विचारा. ज्यांच्याकडे तो असतो ते बोट दाखवतात. ज्यांच्याकडे नसतो ते "आमच्याकडे असं कधी झालंच नाही" म्हणतात.

सासऱ्यांसाठी माझी खरी काळजी पुडीची आहे. कागदाच्या पुडीत तीन-चार सुट्या गोळ्या, नाव नाही, सकाळ-संध्याकाळ एकेक. आपल्या पेशंटला स्वतः औषध द्यायची मुभा डॉक्टरांना कायद्याने आहे, त्यात गैर काही नाही. पण शेड्यूल एच मधली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारी औषधं देताना त्यावर डॉक्टरांचं नाव-पत्ता हवा, औषध आणि डोस वहीत नोंदवलेला हवा, आणि खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा उत्पादकाकडूनच, बिलासकट. त्या पुडीतली सांधे मोकळे करणारी बारीक पांढरी गोळी अनेकदा स्टेरॉइडची असते. मधुमेही माणसाची साखर त्याने तीनशेच्या वर जाते आणि घरचे म्हणतात, आंबा खाल्ला असेल. बरेच आठवडे घेऊन एकदम बंद केली तर चक्कर, उलट्या, रक्तदाब खाली. सोबत वेदनाशामक असेल तर मूत्रपिंडावर मार वेगळा. नाव माहीत नसलेली एकही गोळी त्यांना देऊ नका. नाव लिहून मागा. डॉक्टरांनी औषधाचं जेनेरिक नाव, वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं असं २०१६ पासून नियमातच आहे. मागणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.

मुलीच्या औषधाच्या चिठ्ठीवर वजन लिहिलेलं असावं. वजन न करता डोस लिहिणाऱ्याकडे लहान मूल नेऊ नये, इतकं साधं. पॅरासिटामॉलचे थेंब १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतात आणि नेहमीचं सिरप ५ मिलीत १२५. थेंबांची बाटली सिरप समजून दिली तर डोस चौपट. खोकल्याच्या सिरपबाबत २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं आणि लहान मुलं मूत्रपिंड निकामी होऊन गेली. बिल आणि बॅच नंबर ठेवणाऱ्या दवाखान्याला अशा वेळी निदान कुणाला काय दिलं ते सांगता येतं. चार वर्षांखालच्या मुलांना सर्दीची ठरावीक मिश्रणं देऊ नयेत असं वेष्टनावरच छापलेलं असतं, तेही वाचा.

साखर तपासताना बोटाला टोचायची लॅन्सेट प्रत्येकाला नवी, आणि स्प्रिंगचं पेन वापरत असतील तर ते एकाचं दुसऱ्याला चालत नाही, टोक बदललं तरी.

एसीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच फिरवत राहतो. वेटिंग रूममध्ये एखादा टीबीचा पेशंट खोकत बसला असेल तर काचेच्या बंद खोलीपेक्षा समोरासमोर खिडक्या असलेली बाकड्यांची खोली कैक पटीने बरी. टीबीचा पेशंट सापडला की सरकारला कळवणं खाजगी डॉक्टरांना २०१२ पासून बंधनकारक आहे. जे कळवतात ते खोकणाऱ्याला मास्क देऊन आधी आत घेण्याचीही काळजी घेतात, असा माझा अनुभव आहे. हात धुण्याबद्दल एवढंच: तपासणीच्या खोलीतच बेसिन आणि साबण, किंवा टेबलावर सॅनिटायझर, आणि ते दोन पेशंटच्या मध्ये वापरलं जाताना दिसलं पाहिजे.

दोन्ही दवाखान्यांत एकेकदा किरकोळ कारणाने जाऊन या. रक्तदाब मोजायला चालेल. सासऱ्यांची चालू औषधं पट्ट्यांसकट आणि आधीचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) यांचे रिपोर्ट बरोबर न्या. पट्टी उलटून नाव वाचणारा, पायाचे तळवे बघायला चपला काढायला लावणारा, "आज इंजेक्शनची गरज नाही" म्हणणारा डॉक्टर भेटला तर तो बाकड्यांवर बसतो की एसीत, याला महत्त्व नाही. विचारायची लाज वाटत असेल तर डॉक्टरांवर संशय न घेता विचारता येतं: "डॉक्टर, हेच औषध तोंडाने घेता येईल का?" बहुतेकदा येतं.

काही बिघडलंच तर कुठे जायचं हे वेगवेगळं आहे आणि लोक नेमके चुकीच्या दारात जातात. डॉक्टर बोगस वाटला तर महापालिकेचा आरोग्य विभाग, गावाकडे तालुका आरोग्य अधिकारी. नोंदणीकृत डॉक्टरच्या वागण्याबद्दल त्याची परिषद. कचऱ्याबद्दल प्रदूषण नियंत्रण मंडळ. औषधाच्या दर्जाबद्दल अन्न व औषध प्रशासन. औषधाने किंवा लशीने त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ ही देशपातळीवरची टोल-फ्री लाइन आहे, पेशंट स्वतः कळवू शकतो. तक्रार करायची असो वा नसो, तारीख, औषधाचं नाव आणि बॅच नंबर त्याच दिवशी लिहून ठेवा, आणि व्हायल किंवा पट्टी फेकली जाण्याआधी तिचा फोटो काढून घ्या.